लेणं नाण्यावर उतरतं तेव्हा

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की डाव्या भिंतीला बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले दिसतात. महापरिनिर्वाणाचा प्रसंग. मूर्ती सुमारे ७ मीटर लांब, उशापायथ्याशी शालवृक्ष, खाली शोकात बुडालेले शिष्य, वर आकाशात जमलेले देवगण. हेच शिल्प ४४ मिलिमीटर व्यासाच्या चांदीच्या नाण्यावर बसवायचं काम एखाद्या कारागिराकडे आलं असं धरून चला. नाण्याची कड आणि अक्षरं यांना जागा सोडली की मूर्तीच्या वाट्याला ४ सेंटिमीटरसुद्धा येत नाहीत. मूळ मूर्तीच्या पावणेदोनशेव्या हिश्शाएवढी जागा.

लांबी कमी करायला फारशी अडचण नाही. अडचण आहे ती खोलीची. आपल्याकडची मोठी स्मारक नाणी बराच काळ बहुतेक याच मापाची निघाली: ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, आणि धातू म्हणजे निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेलं १२५ रुपयांचं नाणं असंच आहे. व्यास आणि वजन यांवरून हिशेब मांडला तर त्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास निघते. त्यात पुढच्या बाजूचा उठाव, मागच्या बाजूचा उठाव आणि मधला पाया असं सगळं आलं. म्हणजे एका बाजूच्या शिल्पाला मिळते ती मिलिमीटरच्या काही अंशाएवढी उंची. अजिंठ्याच्या शिल्पकाराला पूर्ण अंग डोंगरातून बाहेर काढता आलं, खांद्यामागे अंधार ठेवता आला. नाण्याच्या कारागिराला अंधार मिळत नाही. त्याला तो नुसत्या उतारांतून भासवावा लागतो.

म्हणून तो खोलीची वाटणी करतो. सगळ्यात उंच काय राहणार हे आधी ठरवायचं, समजा गाल आणि खांदा. त्याखाली हात, त्याखाली चिवराच्या चुण्या, अगदी तळाला शिष्यांची रांग. प्रत्येकाला ठरलेला थर. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. आणि काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात. याचं उत्तम उदाहरण आपल्या खिशात रोज असतं. सारनाथच्या अशोकस्तंभावर सिंह चार आहेत, नाण्यावर दिसतात तीन. चौथा पाठीमागे गेला तो कायमचा. तसं पाहिलं तर बौद्ध शिल्प नाण्यावर आणायला आपल्याला वेगळा मुहूर्त लागलेलाच नाही, कारण भारताच्या प्रत्येक नाण्याच्या दर्शनी बाजूला सारनाथचं हे शिल्प असतंच. स्मारक नाण्यावरही पुढची बाजू तीच: सिंहशीर्ष, ‘सत्यमेव जयते’, भारत हे नाव दोन लिप्यांत, खाली रुपयाचं चिन्ह आणि किंमत. लेणं, देऊळ, माणूस किंवा संस्था यांना जागा मिळते ती मागच्या बाजूला.

आडवं शिल्प गोल चकतीत नीट बसत नाही, हे सरळच आहे. वरखाली रिकाम्या जागा राहतात आणि त्या अक्षरांनी भराव्या लागतात. माझ्या हाती निवड असती तर मी महापरिनिर्वाण बाजूला ठेवून १९ क्रमांकाच्या लेण्याचं दर्शन घेतलं असतं. दारावरचं ते घोड्याच्या नालासारखं गवाक्ष, दोन्ही अंगांना बुद्धमूर्ती, सगळं आधीच एका कमानीत बांधलेलं. कार्ले, भाजे, वेरूळचं १० वं लेणं, सगळीकडे हा आकार भेटतो, आणि गोल नाण्यात तो असा बसतो की जणू त्यासाठीच घडवला होता.

आता हे काम कुणी सांगायचं आणि कुणी करायचं, ते पाहू. नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा, २०११ च्या नाणे कायद्याने. या कायद्यानुसार १००० रुपयांहून जास्त किमतीचं नाणं काढता येत नाही. ही वरची मर्यादा आधीच गाठली गेली आहे: तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली त्या निमित्ताने, २०१० सालाचं, १००० रुपयांचं नाणं काढलं गेलं. देवळाचं नाणं निघतं, तसं लेण्याचंही निघू शकतं. प्रस्ताव मंजूर झाला की अर्थ मंत्रालय राजपत्रात अधिसूचना काढतं. वाचायला ती अगदी कोरडी असते, पण संग्राहकाला तीच आधी वाचावी लागते. तिच्यात किंमत, व्यास, वजन, धातूचं प्रमाण, कडेवर किती दाते (४४ मिलिमीटरच्या नाण्याला बहुधा २००), पुढे काय, मागे काय, कोणत्या लिपीत काय लिहायचं, हे सगळं एकेका ओळीत असतं. जी वस्तू तुम्हाला ‘सरकारी स्मारक नाणं’ म्हणून दाखवली जाते तिचं वर्णन अशा अधिसूचनेत सापडत नसेल, तर ती वस्तू दुसरी काहीतरी आहे.

पाडण्याचं काम सरकारच्या टाकसाळींचं. त्या चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा. २००६ पासून चारही एका सरकारी महामंडळाखाली आहेत, तेच नोटांचे छापखानेही चालवतं. नाण्यावरच्या सालाखाली पाहिलं तर टाकसाळ ओळखता येते. मुंबईचा छोटा हिऱ्याचा आकार, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची काहीच खूण नाही. मुंबईची टाकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर १८२९ पासून उभी आहे. घराघरांत जपलेले राणीछाप कलदार रुपये निघाले त्यांत या टाकसाळीचा वाटा मोठा.

चित्र मंजूर झालं की त्याचा नमुना घडतो, नाण्याच्या कितीतरी पट मोठा. पूर्वी मातीत आणि मग प्लास्टरमध्ये घडवत. एका यंत्राची सुई त्या नमुन्यावर हळूहळू फिरे आणि दुसऱ्या टोकाची कातणी पोलादात तोच आकार लहान करून कोरत जाई. एका नमुन्याला तासन्‌तास लागत. आता बरंचसं काम संगणकावर होतं आणि कोरणारं यंत्र आकड्यांवर चालतं. तरी शेवटचा हात माणसाचाच. ओठाची कड, पापणीची रेघ या ठिकाणी यंत्राने ठेवलेला भोंगळपणा भिंगाखाली बसून दुरुस्त करावा लागतो. यातून जो पहिला पोलादी तुकडा निघतो त्यावर चित्र उठावाचं असतं. तो दुसऱ्या पोलादात दाबला की चित्र खोलगट उतरतं, आणि तो झाला ठसा. ठशातून नाण्यावर पुन्हा उठाव. उठाव, खोल, पुन्हा उठाव, अशी ही उलटापालट लक्षात ठेवली की बाकीचं समजायला सोपं जातं.

तोवर दुसऱ्या दालनात धातू वितळवून, पट्ट्या लाटून, त्यांतून चकत्या कापलेल्या असतात. चकतीची कड आधी थोडी दाबून उचलून घेतात, नाहीतर घाव पडल्यावर नाण्याला नीट कंगोरा येत नाही. मग चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, आम्लात धुतात, पुसून चकचकीत करतात. चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती एक पोलादी कडं असतं, आणि वरून प्रचंड दाब पडतो. धातू वितळत नाही, तरी पाण्यासारखा सरकून ठशाच्या खाचाखळग्यांत भरतो. कड्याच्या आतल्या खाचांत शिरतो तेव्हा कडेवरचे दाते उमटतात. इथेच खोलीचा प्रश्न परत डोकं वर काढतो. पुढच्या बाजूला सिंहांची जाड आकृती आणि बरोबर तिच्या पाठीशी बुद्धांचा उंच चेहरा आला तर दोन्हीकडे भरायला धातू पुरत नाही, आणि नाकाचा शेंडा सपाट राहतो. म्हणून मागची आकृती थोडी सरकवायची, नाहीतर तिची उंची कमी करायची, नाहीतर घावांची संख्या वाढवायची.

घाव वाढवणं म्हणजेच ‘प्रूफ’ नाणं. साध्या नाण्याला एक घाव पुरतो. प्रूफला ठसे वेगळे, त्यांची सपाट जागा आरशासारखी घासलेली आणि आकृतीची जागा मुद्दाम खरबरीत केलेली. चकतीही घासून चकचकीत, एकेक हाताने ठेवलेली. एकाहून जास्त घाव. परिणाम असा की मैदान काळं-चकाकतं दिसतं आणि त्यावर पांढरट मूर्ती उभी राहते. लेण्यातल्या शिल्पाला हा प्रकार फार मानवतो, कारण काळ्या दगडातल्या मूर्तीवर बाजूने ऊन पडावं तसा तो भास असतो. साधा प्रकार ‘यूएनसी’ म्हणून विकतात, म्हणजे वापरात न आलेलं कोरं नाणं. दोन्ही चलनासाठी नसतात. किंमत १२५ रुपये लिहिलेली असली तरी ते हजारोंच्या घरात मिळतं, कारण तुम्ही चांदी, मजुरी, डबी, कर हे सगळं देत असता. टाकसाळीच्या संकेतस्थळावर नोंदणी उघडली की पैसे भरायचे आणि पोस्टाने डबी घरी येते. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

आता सराफाच्या दुकानातल्या वस्तूकडे येऊ. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव या भागातली बौद्ध कुटुंबं अशोक विजयादशमीला नागपुरात दीक्षाभूमीवर जातात. तिथल्या स्टॉलवर पुस्तकं, मूर्ती, बिल्ले, आणि बुद्धमूर्ती कोरलेले चांदीचे गोल तुकडे मिळतात. सगळे त्याला नाणं म्हणतात, सराफही म्हणतो. पण त्यावर रुपयाची किंमत नाही, सिंहशीर्ष नाही, टाकसाळीची खूण नाही. ते पदक आहे. त्यात वाईट काही नाही. भेट द्यायला छान असतं, फक्त त्याची किंमत चांदीच्या वजनाची आणि घडणावळीची. त्यावर ९९९ किंवा ९२५ असा शुद्धतेचा आकडा आणि बीआयएसची खूण आहे का, एवढं पाहावं. पुढेमागे ‘दुर्मीळ नाणं’ म्हणून ते कुणी दुप्पट किमतीला मागेल अशी आशा धरू नये.

सरकारी नाणं आणि पदक यांच्या मधली एक जातही बाजारात आहे. प्रशांत महासागरातल्या निउए, कुक बेटं, पलाऊ अशा छोट्या देशांच्या नावाने युरोपातल्या आणि न्यूझीलंडच्या खाजगी टाकसाळी संग्राहकांसाठी सुंदर नाणी काढतात. कायद्याने ती त्या देशाची नाणी, प्रत्यक्षात तिथल्या बाजारात त्यांनी कुणी नारळ घेत नाही. विषय जगभरचे, त्यांत बुद्धमूर्तीही येतात. चीनचं प्रकरण वेगळं आहे. त्याने स्वतःच्या तुन्‌हुआंग, लुंगमन अशा लेण्यांवर स्वतःची सोन्याचांदीची नाणी काढली आहेत. लेण्याची परंपरा आपल्याकडून तिकडे गेली आणि नाण्यावर तिकडे आधी चढली, हे मला थोडं खटकतं. आपल्याकडे लेणं पैशावर आलं ते कागदाच्या: २०१९ पासूनच्या वीस रुपयांच्या हिरवट-पिवळ्या नोटेच्या मागे वेरूळ आहे. आणि त्याआधी १९४९ साली स्वतंत्र भारताच्या टपाल तिकिटांच्या नव्या मालिकेत सगळ्यात स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती होता.

नाणं आणि लेणं हा जोड नवा मात्र नाही. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक बुटका, हसरा यक्ष सापडला. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हदास, आणि तो हिरण्यकार, म्हणजे सोनार. आमच्या मध्य प्रदेशातल्या सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय की हे काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. बारीक धातूत आणि दातात सरावलेले हात दगडाकडे वळले होते. तोरणांवरच्या गर्दीच्या चौकटी एकदा जवळून पाहा, खोलीची थराथरांची वाटणी तिथेही तशीच आहे. त्यामुळे लेण्याचं शिल्प नाण्यावर आणणारा टाकसाळीतला कारागीर काही परकं काम करत नसतो.

याहून जुळणारी गोष्ट नाशिकला आहे. त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं कोरून दिल्यावर भिक्षूंच्या खर्चाची सोय कशी केली, ते त्यात रोकड्या आकड्यांत सांगितलंय. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांतले २००० गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस गुणिले बारा, २४०. पै चुकलेली नाही. सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फळ्यावर नोंदवला, असंही पुढे आहे. दुसऱ्या एका दानात ७०,००० कार्षापणांचे २००० सुवर्ण होतात, म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला पस्तीस चांदीची, असा विनिमयाचा दरही दगडात येऊन बसला आहे. आजचं कुठलंही स्मारक नाणं लेण्याबद्दल इतकं सांगू शकणार नाही.

आणि ती नाणीही मिळाली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाणी. त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचं चिन्ह. नहपानाचा चेहरा त्याखाली अर्धवट दिसतो. नाणी वितळवून नवी पाडायच्या ऐवजी जुन्यावरच घाव घालायचा, हा खर्च वाचवण्याचा सरळ उपाय होता, शिवाय बाजारात प्रत्येक हाताला कळायचं की राज्य कुणाचं झालं. गौतमीपुत्राने उषवदाताच्या ताब्यातलं शेत, २०० निवर्तनं, त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिल्याचा लेखही तिथेच आहे. नाणं बदललं, शेताचा मालक बदलला, लेण्यातली माणसं तीच राहिली.

सातवाहन नाणी विदर्भातही ढिगाने सापडली आहेत. १९३९ साली तऱ्हाळा इथे, मंगरूळपीरच्या बाजूला, पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. वा. वि. मिराशींनी त्यावर लिहिलं. याच मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख एका ग्रंथात एकत्र आणले, आणि त्यात आपल्या पांढुर्ण्याचं नाव आहे: वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे पाचव्या शतकातले ताम्रपट इथेच मिळाले. त्याच घराण्याच्या वाशीमच्या, म्हणजे वत्सगुल्मच्या शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याचं उत्तरकालीन काम जोरात झालं. १६ वं लेणं त्याचा सचिव वराहदेव याने कोरवलं. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाने अजिंठ्याचं नाणं घेतलं तर ते दूरच्या प्रदेशाचं स्मरणचिन्ह ठरणार नाही, एवढा तरी हा धागा पुरतो.

घेतलंच तर एकच पथ्य. दिवाळीला भांडी घासायला काढतो तशी चिंच, राख किंवा रांगोळी या नाण्याला लावायची नाही. प्रूफचा आरसा एका घासणीत जातो आणि परत येत नाही. बोटांचे ठसेही चांदीवर काही महिन्यांत तपकिरी उमटतात, म्हणून धरायचं ते कडेने. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात ठेवलं की हिरवट चिकटा येतो, त्यापेक्षा ते ज्या डबीत आलं तीच बरी. घरातले कलदार रुपये मात्र वेगळ्या हिशेबाचे. त्यांत ९१.७ टक्के चांदी आणि वजन ११.६६ ग्रॅम, त्यांची झीज हीच त्यांची ओळख.

संत्र्याच्या बागेत खड्डे खणताना किंवा विहिरीचं काम चालू असताना जुन्या नाण्यांचं मडकं लागलं, तर ते सराफाकडे न्यायचं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं, आणि तो सरकारी तिजोरीत जमा करावा लागतो किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यावी लागते. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय शिक्षा. २०२३ पर्यंत त्यासाठी छिंदवाड्याला जावं लागलं असतं. आता जिल्हा पांढुर्ण्याचाच झालाय, त्यामुळे तीही सबब उरली नाही.